पोराला पहिल्यांदा थिएटरात नेताना : मुंबईतल्या आईबाबांसाठी

एरवी सिनेमाचं तिकीट काढताना आपण आपल्या सोयीचा शो बघतो. ऑफिस सुटल्यावरचा, नाहीतर शनिवारी संध्याकाळचा. तीन-चार वर्षांच्या पोराबरोबर जायचं असेल तर हा हिशेब उलटा करायचा. आधी पोराची झोप, मग त्याचं जेवण, मग शी-शू आणि या सगळ्यातून उरलेल्या वेळात बसेल तो शो. एवढं पाळलं तरी निम्मी रडारड टळते. आणि घरातून निघतानाच एक गोष्ट आपसांत ठरवून टाका : अर्ध्यातून उठावं लागलं तर उठायचं, कुरकुर न करता. तिकिटाचे पैसे वसूल करायचे म्हणून बसून राहिलात तर पोराचे हाल होतात, तुमचे होतात आणि पुढच्या-मागच्या दोन रांगांचेही होतात.

वय : कधी न्यावं?

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्सने, २०२१ साली स्क्रीनबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. दोन वर्षांखालच्या मुलाला स्क्रीन नकोच आणि दोन ते पाच या वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीत. सिनेमा म्हणजे सलग दोन तास. तेव्हा पाच वर्षांखालच्या मुलाला थिएटरात नेणं ही कधीतरी करायची चैन आहे, दर शुक्रवारचा कार्यक्रम नाही, हे डोक्यात असू द्या.

माझं स्वतःचं मत विचाराल तर चारच्या आसपास पहिली वेळ बरी. त्याआधी घाई कशाला? ‘आम्ही तर सहा महिन्यांच्या बाळाला घेऊन गेलो होतो, मस्त झोपलं’ असं सांगणारी एक तरी आत्या प्रत्येक घरात असते. झोपलं असेलही, पण आवाज झोपेतही कानावर आदळतच असतो. थिएटरची ध्वनियंत्रणा ८५ डेसिबलच्या संदर्भपातळीवर बेतलेली असते आणि दणक्याच्या प्रसंगात एकेका चॅनलचा, म्हणजे एकेका बाजूच्या स्पीकरांचा, आवाज १०५ डेसिबलपर्यंत चढू शकतो. जागतिक आरोग्य संघटना मुलांच्या ऐकण्यासाठी ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास ही मर्यादा धरते. डेसिबलचं गणित सरळ बेरजेचं नसतं, दहाने वाढ म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट. त्यामुळे तान्ह्या बाळासाठी आई किंवा बाबा एकाने घरी थांबणं हाच सगळ्यात स्वस्त उपाय.

चार वर्षांचं झालं म्हणजे तयार झालं, असंही नाही. घरीच बघा. रात्रीची गोष्ट शेवटपर्यंत ऐकतं का? शू लागली तर वेळेवर सांगतं का? लाइट गेले तर कितपत बिथरतं? आणि मिक्सर सुरू झाला की काय करतं? मिक्सरच्या आवाजाने कानावर हात ठेवून आतल्या खोलीत पळणारं मूल थिएटरच्या आवाजात रमणं कठीण. अशा मुलासाठी थोडं थांबा, किंवा कानावर बसणारे लहान मुलांचे इअरमफ घ्या. कापसाच्या बोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही, शिवाय ते काढून नाकात घालण्याचे प्रयोग सुरू होतात ते वेगळंच.

रंगीत तालीम करायची असेल तर मुंबईत दोन चांगल्या सोयी आहेत. मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत दादरच्या शिवाजी मंदिरला किंवा पार्ल्याच्या दीनानाथला बालनाट्यांचे प्रयोग लागतात. तिथे खुर्चीत बसायची, अंधार झाला की समोर बघायची सवय होते. आजूबाजूला सगळी पोरंच, त्यामुळे कोणी वळून बघत नाही. दुसरं म्हणजे वरळीचं नेहरू तारांगण. तिथे मिट्ट काळोख होतो, पण कार्यक्रम सिनेमापेक्षा पुष्कळ आटोपशीर असतो आणि मराठीतूनही असतो. सोमवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा. लहान वयाच्या मुलांना आत सोडण्याचा नियम निघण्याआधी विचारून घ्या.

सिनेमा निवडताना

पहिल्यांदा सर्टिफिकेट बघा. ‘यू’ म्हणजे सर्वांसाठी. ‘ए’ म्हणजे फक्त अठरा वर्षांवरच्यांसाठी, आणि तिथे आईबाप बरोबर असले तरी मुलाला आत घेत नाहीत. दारात ‘अहो, त्याला काय कळतंय’ म्हणून काही उपयोग नाही. मधल्या ‘यूए’चे २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर तीन भाग झाले : ७+, १३+ आणि १६+. यातली मेख अशी की हे तीन आकडे पालकांच्या माहितीसाठी आहेत. तुमच्या चार वर्षांच्या मुलीला घेऊन तुम्ही ‘यूए १३+’ला गेलात तर गेटवरचा माणूस अडवणार नाही. म्हणजे राखणदारी आपलीच. पाच वर्षांखालच्यांना मी ‘यू’च्या पलीकडे नेत नाही.

पण ‘यू’ म्हणजे भीतीदायक काहीच नाही, असं समजू नका. मुलांच्या सिनेमात आई हरवते, बाबा मरतात, राक्षस पडद्यावरून अंगावर येतो. मोठ्यांना ते गोष्टीतलं वळण वाटतं, चार वर्षांच्या पोराला ते खरं असतं. म्हणून ट्रेलर आधी एकट्याने बघा, मग पोराबरोबर बघा. ट्रेलर बघतानाच ते तुमच्या कुशीत शिरलं तर उत्तर मिळालं. उलट ‘परत लाव, परत लाव’ करायला लागलं तर तिकीट काढा. त्यातलं एखादं गाणं आधीच्या आठवड्यात घरात दोन-चारदा वाजू द्या. अंधारात ओळखीची चाल कानावर आली की मूल खुर्चीत सरळ होऊन बसतं.

लांबी बघा. परदेशी अ‍ॅनिमेशनपट बरेचदा दीड तासाच्या आसपास आटोपतात. आपला हिंदी सिनेमा अडीच तासांवर गेला तरी कोणाला नवल वाटत नाही. पहिल्या वेळी दोन तासांच्या आतला घ्या.

भाषा बघा. हे घाईत राहून जातं. एकाच सिनेमाचे इंग्रजी आणि हिंदी असे दोन्ही शो एकाच थिएटरात असतात आणि अ‍ॅपवर ते एकाखाली एक दिसतात. घरात मराठी बोलणाऱ्या आणि कार्टूनमुळे हिंदी कळणाऱ्या मुलाला इंग्रजी शोला बसवलं की दर मिनिटाला ‘काय म्हणाला तो?’ सुरू होतं. मराठी बालचित्रपट लागला असेल तर आधी तो बघा, फक्त शोच्या वेळा तपासून. आपल्या सिनेमांच्या वाट्याला मल्टिप्लेक्समध्ये कधी सकाळी नऊचा, कधी भर दुपारचा शो येतो. बाकी लोक यावर वैतागतात, तेही बरोबरच आहे, पण सकाळचा शो लहान पोरांच्या आईबापांच्या मात्र पथ्यावर पडतो.

थ्रीडी नको. चष्मा मोठ्यांच्या मापाचा असला तर नाकावरून घसरतो आणि तो काढला की पडदा धूसर. आयमॅक्सही पहिल्या वेळी नको. एवढा मोठा पडदा अंगावर येतो.

शो आणि थिएटर

दुपारी झोपणाऱ्या मुलासाठी सकाळी दहा-साडेदहाचा शो उत्तम. साडेदहा छापलं असलं तरी जाहिराती आणि ट्रेलर होऊन सिनेमा सुरू व्हायला पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. इंटरव्हल पावणेबाराच्या सुमारास, एकपर्यंत बाहेर, जेवण आणि झोप. दुपारी एक ते चारच्या मधला शो म्हणजे पेंगुळलेलं, चिडचिडं मूल. रात्रीच्या शोबद्दल बोलायलाच नको.

शक्य असेल तर रजा टाकून मधल्या वारी जा. तिकीट स्वस्त, हॉल रिकामा, आणि पोर जरा बोललं तरी चार डोकी मागे वळत नाहीत. रविवारीच जायचं असेल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉक बघा. मध्य आणि हार्बरवर तो साधारण अकरा ते चारच्या दरम्यान असतो, म्हणजे नेमका तुमच्या परतीच्या वेळेला. पावसाळ्यात भरतीचंही वेळापत्रक बघा. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की मुंबईत कुठे पाणी भरतं हे तुम्हाला सांगायला नको. शिवाय भिजलेलं मूल एसीत दोन तास बसवणं म्हणजे सर्दीला बोलावणं.

थिएटर घराजवळचं निवडा. शहराच्या दुसऱ्या टोकाला छान मॉल आहे म्हणून तासभर प्रवास करून पोचलात तर पोराचा अर्धा जीव तिथेच संपलेला असतो. मॉलच्या मल्टिप्लेक्सचा फायदा म्हणजे लिफ्ट, स्वच्छ बाथरूम आणि उठून यावं लागलं तर फिरायला जागा. तोटा असा की थिएटर सगळ्यात वरच्या मजल्यावर आणि तिथे पोचेपर्यंत वाटेत खेळण्यांची तीन दुकानं. घाटकोपरच्या आर सिटी मॉलमध्ये तर किडझानिया हे मुलांचं खेळायचं ठिकाणही आहे. तिथे सिनेमा आणि ते, दोन्ही एका दिवशी करायच्या फंदात पडू नका.

जुन्या सिंगल स्क्रीनचं मला वेगळं अप्रूप आहे. दादरचं प्लाझा, लालबागचं भारतमाता इथे मराठी सिनेमा कुटुंबं कुटुंबं मिळून बघतात, आजी-आजोबा, वहिनी, तीन पोरं अशी आख्खी रांग. अशा ठिकाणी पोरानं मध्येच मोठ्याने प्रश्न विचारला तर शेजारच्या काकू हसून उत्तर देतात. वांद्र्याचं गेटी-गॅलेक्सी मात्र शिट्ट्या-टाळ्यांसाठी प्रसिद्ध. सात-आठ वर्षांच्या मुलाला तिथे स्वर्ग दोन बोटं उरतो, पण पहिल्यांदा येणाऱ्या चिमुरड्याला नको.

सीट

बहुतेक मल्टिप्लेक्सात तीन वर्षांवरच्या मुलाचं वेगळं तिकीट लागतं. ते काढाच, मांडीवर बसवून भागेल म्हणून चिकटपणा करू नका. दोन तास मांडीवर बारा-चौदा किलो घेऊन बसल्यावर पाय आपला राहत नाही.

कडेची सीट घ्या, पॅसेजलगतची. उठून जाताना दहा गुडघे ओलांडावे लागत नाहीत. मूल मात्र पॅसेजच्या सीटवर नको, तिथे तुम्ही. मूल दोन मोठ्यांच्या मध्ये. सगळ्यात मागची रांग अनेकांना आवडते कारण मागे कोणी नसतं, पण मागच्या भिंतीवरचे स्पीकर थेट डोक्यावर असतात. भिंतीलगतच्या सीटांचंही तेच. पडद्यापासून दोन तृतीयांश अंतरावर, मधल्या पॅसेजला लागून, हे बरं. अ‍ॅपवर सीट निवडताना पडदा कुठल्या बाजूला काढलाय ते आधी बघा आणि दार कुठे असेल याचा अंदाज घ्या. तिकीट रद्द करता येतं का, कधीपर्यंत, हेही त्याच वेळी वाचा. पोराला ताप यायला मुहूर्त लागत नाही.

आता एक गंमत, जी पहिल्यांदा जाणाऱ्याला कोणी सांगत नाही. थिएटरची खुर्ची माणूस उठला की आपोआप मिटते. हलक्या मुलाच्या वजनाने ती नीट खाली राहतच नाही. पोर मागे सरकून बसलं की खुर्ची हळूहळू मिटायला लागते, गुडघे हनुवटीला टेकतात आणि दोन पाय तेवढे वर दिसतात. उपाय दोन. बूस्टर सीट, म्हणजे खुर्चीवर ठेवायची उंच बैठक, आहे का ते दारावरच्या माणसाला विचारा, अनेक मल्टिप्लेक्समध्ये मिळते. नसेल तर मुलाला खुर्चीच्या पुढच्या कडेजवळ बसवा, पाठीमागे तुमची बॅग लावा आणि तुमचा एक हात सीटवर दाबून ठेवा. रिक्लायनर असेल तर वेगळी काळजी. बटण पोराच्या हाताच्या टप्प्यात नको आणि पाय ठेवायचा भाग वर असताना त्याच्या खाली मुलाला शिरू देऊ नका. ती यंत्रणा बोटं ओळखत नाही.

बॅगेत काय

एक शाल किंवा स्वेटर, मे महिना असला तरी. मोजे. कपड्यांचा एक जोड, आतल्या चड्डीसकट. ओले टिश्यू, एक रिकामी प्लास्टिकची पिशवी. इअरमफ. आवडतं मऊ खेळणं, पण आवाज करणारं किंवा लाइट लागणारं नको. बुटांच्या टाचेत लाइट लागत असतील तर ते बूट घरी ठेवा.

खाण्याचा विषय जरा सविस्तर, कारण गेटवर सगळ्यात जास्त वाद तिथेच होतात. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं की बाहेरचे पदार्थ आणू द्यायचे की नाही हे थिएटरच्या मालकाने ठरवावं. पण त्याच निकालात दोन गोष्टी आपल्या बाजूच्या आहेत : थिएटरने पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट द्यायचं, आणि लहान बाळासाठी पालक वाजवी प्रमाणात खाणं आत नेऊ शकतात. तेव्हा दुधाची बाटली, मऊ भाताचा किंवा खिमटाचा छोटा डबा, केळं हे बॅगेत उघड वरच ठेवा आणि तपासणीच्या वेळी आपणहून दाखवा, ‘हे बाळाचं आहे.’ आवाज न चढवता सांगितलं तर बहुतेक वेळा सोडतात. नाही सोडलं तर ड्यूटी मॅनेजरला बोलवायला सांगा. बॅगेच्या तळाशी लपवलेले मोठ्यांचे वडापाव सापडले की मात्र बाळाच्या डब्यावरही संशय येतो.

आणि पॉपकॉर्न. चार वर्षांखालच्या मुलाला पॉपकॉर्न देऊ नका. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्सच्या घशात अडकणाऱ्या पदार्थांच्या यादीत ते आहे, शेंगदाण्यांसारखंच. अंधारात, हसता हसता, रिक्लायनरवर आडवं पडून खाताना तर धोका आणखी वाढतो, आणि ठसका लागला तरी आवाजात तो ऐकू येत नाही. चारच्या वरच्या मुलालाही सरळ बसवून, एकेक दाणा. त्याला ‘मलाही पाहिजे’ वाटू नये म्हणून तुम्हीही त्या दिवशी टब घेऊ नका, हे ओघानं आलंच.

त्या दिवशी

घरून निघण्याआधी पोटभर नाश्ता, पण पाणी आणि दूध बेताने. लोकलने जात असाल तर पाच वर्षांखाली तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं. पोराच्या जीन्सच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी घाला. मॉलमध्ये इंटरव्हलच्या गर्दीत हात सुटायला एक सेकंद पुरतो.

शोच्या आधी दहा मिनिटं तरी पोचा. जाहिराती चुकवायला उशिरा जाणं ही मोठ्यांची युक्ती आहे, पहिल्यांदा येणाऱ्या मुलासाठी ती उलटी पडते. काळोखात, कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात, अनोळखी पायऱ्या चढायच्या म्हणजे दारातच भोकाड. लाइट चालू असताना आत शिरा. पडदा दाखवा, पायऱ्यांवरचे छोटे दिवे दाखवा, बाहेर जायचं दार कुठे ते दाखवा. ‘आता लाइट हळूहळू जातील, मग मोठा आवाज येईल, मी इथेच आहे’, असं सांगून ठेवा. मग जाहिरातींच्या वेळात एकाने मुलाला बाहेर बाथरूमला घेऊन जावं. तिकीट बरोबर ठेवा, परत आत येताना विचारतात.

बाथरूममधला हात वाळवायचा ड्रायर सांभाळा. सिनेमातल्या राक्षसापेक्षा त्याच्या अचानक घोंगावण्याने घाबरलेली पोरं मी जास्त पाहिली आहेत. हात रुमालाला पुसा आणि दुसरं कोणी ड्रायर लावायच्या आत बाहेर पडा.

महाराष्ट्रात सिनेमाआधी राष्ट्रगीत लागतं, तेव्हा सगळे एकदम उभे राहतात. हे घरी सांगून ठेवलं असेल तर पोरं उत्साहाने, ताठ उभी राहतात, सोबत म्हणतातही. सांगितलं नसेल तर ‘चला, संपला’ समजून चप्पल शोधायला लागतात. सुरुवातीला आणि इंटरव्हलनंतर तंबाखूविरोधी फिल्मही लागते. तिच्यातली तोंडाच्या कॅन्सरची दृश्यं मोठ्यांनाही बघवत नाहीत. ती सुरू झाली की मुलाचं तोंड आपल्याकडे वळवा, बाटलीतून पाणी पाजा, काहीतरी विचारा. अर्धं मिनिट काढायचं असतं.

सिनेमा सुरू झाला की पहिली दहा मिनिटं मुलाकडे बघा, पडद्याकडे नाही. हात घट्ट धरलाय, कानावर हात आहेत, मान खाली आहे, तर लगेच मांडीवर घ्या, शाल गुंडाळा, हळू आवाजात पडद्यावर काय चाललंय ते कानात सांगा. कुजबुजायला हरकत नाही. मोबाईल मात्र काढू नका. रडणाऱ्या पोराच्या हातात कार्टून लावून फोन देणं म्हणजे सिनेमाही गेला आणि मागच्यांच्या डोळ्यांत उजेड.

रडायला लागलंच तर आतच समजूत घालत बसू नका. उचला, बाहेर या. लॉबीत पाच मिनिटं फिरवा, पोस्टर दाखवा, मग विचारा, ‘परत जायचं?’ हो म्हणालं तर जा. नाही म्हणालं तर जोडीदाराला मेसेज टाका आणि खाली आइस्क्रीम खा. दुसऱ्यांदा बाहेर यावं लागलं की विचारायचंही नाही, घरी. पोरं दोन असतील आणि वयात अंतर असेल तर मोठे दोन हवेतच : एक थोरल्याबरोबर शेवटपर्यंत बसणारा, दुसरा धाकट्याला घेऊन उठायला मोकळा. कोण उठणार हे आधी ठरलेलं असू द्या, तिथे कुजबुजत भांडू नका.

इंटरव्हल ही आपल्याकडची मोठी सोय, पण ती गाठायची दोन मिनिटं आधी. सिनेमाचा अर्धा वेळ होत आला की घड्याळ बघा आणि एखादा संथ प्रसंग सुरू असताना मुलाला घेऊन उठा. लाइट लागल्यावर बाथरूमची रांग दारापर्यंत येते, आणि चार वर्षांच्या मुलाची शू रांगेत थांबत नाही. खाण्याच्या काउंटरवर जाऊच नका. आपल्या डब्यातलं काय ते खाऊ घाला, पॅसेजमध्ये जरा उड्या मारू द्या. दुसरा भाग सुरू व्हायच्या आत परत जागेवर, कारण पुन्हा अंधार होण्याचा तो क्षण नाजूक असतो.

संपल्यावर

शेवटची नावं सुरू झाली की सगळे पायऱ्यांवर धावतात. तुम्ही बसून राहा. त्या वेळात मोबाईलचा टॉर्च सीटखाली मारा : मोजा, बाटलीचं झाकण, केसांची क्लिप, काही ना काही असतंच. गर्दी ओसरली की मुलाचा हात धरून उतरा.

वाटेत ‘आवडला का?’ विचारलं तर ‘हो’ एवढंच उत्तर मिळतं. ‘तो वाघ नदीजवळ का थांबला होता?’ असं नेमकं काहीतरी विचारा, मग बघा किती बोलतं ते. भीती वाटलेला प्रसंग त्याने स्वतःहून काढला तर ‘त्यात काय घाबरायचं’ म्हणून उडवून लावू नका, पूर्ण सांगू द्या. पुढचे दोन-तीन दिवस रात्री झोपताना तोच प्रसंग पुन्हा निघतो का बघा. निघत असेल, झोपेत दचकत असेल, तर पुढचा सिनेमा काही महिन्यांनी. आणि नाचत, गाणं म्हणत घरी आलं असेल तरी लगेच पुढच्या आठवड्याचं तिकीट काढू नका. आजीला आख्खी गोष्ट सांगून झाली, शाळेत सांगून झाली, चित्रं काढून झाली, की मग बघू.